महालाचा डावा पाय

धाकटी नक्की काय काम करते, हे घरात कुणालाच धड सांगता येत नसे. थोरली दातांची डॉक्टर होती, ते सांगायला सोपं होतं. धाकटीबद्दल कुणी विचारलं की आई म्हणायची, ती सिनेमात टिंबं लावते. विचारणारा यावर मान हलवायचा आणि थोरलीची चौकशी करायचा.

आईचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. खरा कॅमेरा घेऊन कुणीतरी एखाद्या उजाड टेकडीवर पळतं, आणि पुढे त्या टेकडीच्या माथ्यावर संगणकात बांधलेला महाल बसवायचा असतो. पळताना कॅमेरा हलतो, कलतो, धक्के खातो. महालाकडे बघणारा खोटा कॅमेराही तसाच हलला नाही, तर महाल टेकडीवर बसत नाही, ओल्या फरशीवरच्या साबणासारखा घसरत राहतो. म्हणून धाकटी चित्रातल्या जागा न सोडणाऱ्या वस्तू शोधायची, दगड, खुंट, झाडाचा बुंधा, आणि त्यांच्यावर टिंबं लावायची. ती टिंबं पडद्यावर कशी सरकतात ते पाहून सॉफ्टवेअर गणित मांडायचं आणि खरा कॅमेरा क्षणाक्षणाला कुठे होता ते सांगायचं. मग त्याच वाटेने खोटा कॅमेरा चालवायचा. काम जमलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, फसलं तर सगळ्यांच्या येतं. असल्या कामाचं कौतुक करायला कोण बसलंय?

तिच्या विभागाच्या प्रमुखाला सगळे पाठीमागे दशांश म्हणायचे. गणित सुटलं की त्यात किती चूक राहिली याचा एक आकडा सॉफ्टवेअर दाखवतं. तो जितका लहान तितकं गणित चांगलं. दशांश चित्राकडे बघायचाच नाही, आकड्याकडे बघायचा. शून्य पूर्णांक सहा दिसलं की त्याचं तोंड आंबट व्हायचं आणि शून्य पूर्णांक तीन दिसलं की तो पाठ थोपटायचा. आकडा लहान करायची त्याची युक्तीही ठरलेली होती. जी टिंबं बाकीच्या टिंबांशी सहमत नाहीत, ती पुसून टाकायची. शेवटी उरलेली टिंबं आपापसांत इतक्या गोडीगुलाबीने वागत की आकडा सुंदर यायचा आणि महाल हवेत तरंगायचा. विभागाच्या बैठकाही तो याच पद्धतीने घ्यायचा. चार वर्षांत तीन माणसं पुसली गेली होती आणि आता बैठका अगदी सुरळीत चालत होत्या.

बाबा याच धंद्याच्या दुसऱ्या टोकाला होते. तीस वर्षं त्यांनी शूटिंगवर कॅमेऱ्याच्या पेट्या वाहिल्या होत्या, भिंगं पुसून हातात दिली होती आणि ती परत घेऊन पेटीत ठेवली होती. शूटिंगवर त्यांना पेटीवाले म्हणत. बारा वर्षांपूर्वी रुळांवरून निसटलेली ट्रॉली त्यांच्या डाव्या गुडघ्यावर आली, तेव्हापासून ते त्या पायाने लंगडायचे. पण हे शूटिंगवर कुणाला ठाऊक नव्हतं, कारण बाबा तिथे हातातली पेटी खाली ठेवतच नसत. पंचवीस किलोची पेटी घेतलेला माणूस वाकडाच चालणार, त्यात पाय कोण बघतो? घरी मात्र पेटी नसे. संध्याकाळी जिन्यावर टप, टप्प, टप, टप्प असं ऐकू आलं की आई उठून गॅस पेटवायची.

बाबांना एकच खोड होती. घरातल्यांच्या मते ते थापा मारायचे. टीव्हीवर एखादा जुना सिनेमा लागला की ते हळूच म्हणायचे, हा शॉट मी घेतलाय. कॅमेरामन जेवायला गेले होते, किंवा कॅमेरामनना चक्कर आली होती, किंवा कॅमेरामन आणि दिग्दर्शक एकमेकांशी बोलत नव्हते. दर वेळी कॅमेरामनना काहीतरी झालेलं असायचं. आई म्हणायची, "हो, आणि हिरॉइनला सर्दी झाली होती, म्हणून तेही तुम्हीच केलंत." सगळे हसायचे. धाकटीही हसायची, आणि सगळ्यांत मोठ्याने हसायची.

या सिनेमाच्या वेळीही तेच झालं. शेवटच्या प्रसंगात नायक टेकडी चढत धावतो आणि माथ्यावर त्याला पूर्वजांचा महाल दिसतो. अडीच मिनिटांचा एकच सलग शॉट, मधे कुठे कट नाही. कॅमेरा नायकाच्या मागे पळतो. हा शॉट खुद्द दिग्दर्शकांनी कॅमेरा खांद्यावर घेऊन, पळत पळत घेतला, अशी बातमी सिनेमा पुरा व्हायच्या आधीच सगळीकडे झाली होती. दिग्दर्शकांना सगळे सर म्हणत. सर सहा फूट उंच होते, केस मानेवर रुळायचे आणि प्रत्येक मुलाखतीत ते सांगायचे की कॅमेरा हा माझ्या शरीराचाच अवयव आहे. ही बातमी बाबांनी जेवताना ऐकली आणि ताटाकडे बघत म्हणाले, "सर दहा पावलं पळाले आणि दगडावर बसले. कॅमेरामनची पाठ धरली होती. उजेड चालला होता. मग मीच घेतला कॅमेरा." आई म्हणाली, "तुमच्याने दोन जिने होत नाहीत." विषय तिथेच संपला. त्यानंतर पंधरा दिवस बाबांचा गुडघा सुजलेला होता, पण तो थंडीने सुजला असं त्यांनीच सांगितलं. डॉक्टरांनी मात्र चढ बंद, असं लिहून दिलं आणि आईने तो कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला.

तोच शॉट चार महिन्यांनी धाकटीच्या टेबलावर आला. तिने दगडांवर टिंबं लावली. गवत सोडलं, ढग सोडले, नायक तर सोडलाच. हलणाऱ्या वस्तूवर चुकून टिंब बसलं तर गणित त्या वस्तूमागे वाहवत जातं. पाच दिवसांनी गणित सुटलं. आकडा आला शून्य पूर्णांक दोन आठ, आणि तोही एकही टिंब न पुसता. दशांशने येऊन पाठ थोपटली, चित्र न बघताच निघून गेला.

मग धाकटीने कॅमेऱ्याची वाट बाजूने बघितली. माणूस पळतो तेव्हा ही रेघ सारख्या लाटांसारखी जाते. इथे एक लाट उथळ होती आणि एक खोल, पुन्हा एक उथळ, एक खोल, आणि खोल लाटेत कॅमेरा दर वेळी नाक खाली घालून डावीकडे कलत होता. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिने आणखी चाळीस दगड पकडले. चाळीसही तेच म्हणाले. टेकडीवर मापाची काठी रोवलेली चित्रात दिसत होती, तिच्यावरून तिने कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची काढली. सरांच्या खांद्यापेक्षा ती चांगली वीतभर कमी भरली.

तिने खोट्या कॅमेऱ्यातून ती वाट पहिल्यापासून चालवून पाहिली. फुटेजला आवाज नव्हता. तरी तिला जिन्यावरची पावलं ऐकू आली, टप, टप्प, टप, टप्प. अडीच मिनिटं हा माणूस त्या गुडघ्याने दगडांतून चढ पळाला होता, नायक एकदाही चौकटीबाहेर जाऊ दिला नव्हता, आणि घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आपण फिदीफिदी हसलो होतो. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर ऑफिसात आले. शॉट कसा झाला हे दाखवणारी एक छोटी फिल्म प्रसिद्धीसाठी काढायची होती. तिच्यात टेकडी रेघांनी काढलेली, तिच्यावरून कॅमेऱ्याची वाट जाणार आणि वाटेवरून कॅमेरा घेतलेले सर पळणार. सरांना वाट दाखवली. ते बराच वेळ रेघेकडे बघत राहिले आणि मग म्हणाले की ही हिंदकळते आहे. दशांश लगेच म्हणाला की हो, जरा हिंदकळते आहे. सर म्हणाले की माझी चाल अशी नाही, माझी चाल वाहती आहे, ही रेघ सरळ करा. आणि जी रेघ प्रसिद्धीत जाईल तीच सिनेमात गेली पाहिजे, उद्या कुणी दोन्ही ताडून पाहिलं म्हणजे?

धाकटीने सांगून पाहिलं की ही रेघ कुणाच्या आवडीनिवडीची नाही, कॅमेरा तिथून गेला म्हणून ती तशी आहे. दशांशने तिला डोळ्यांनी गप्प केलं. रेघ सरळ केल्यावर चूक दाखवणारा आकडा अकरावर गेला. आयुष्यात पहिल्यांदाच दशांशने आकड्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आकड्याचं एवढं काय घेऊन बसलीस.

त्या संध्याकाळी आई भाजी आणायला गेलेली होती. धाकटीने लॅपटॉप बाबांच्या पुढे ठेवला आणि खरी वाट दाखवली. तिला वाटलं होतं बाबा खूश होतील. तीस वर्षं ज्या माणसाला सगळ्यांनी हसण्यावारी नेलं, त्याच्या हातात पुरावा देतोय आपण. ती माफीही मागणार होती, वाक्य तयार होतं.

बाबांनी चष्मा लावला. रेघेवरून बोट फिरवत गेले. एके ठिकाणी थांबून म्हणाले की इथे पाय दगडावरून सटकला होता. मग त्यांनी बोट उचललं.

"हे ऑफिसात कुणी कुणी बघितलंय?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं, सगळ्यांनी, पण कुणाला कळलेलं नाही.

"सोमवारपासून नवीन काम आहे. डोंगरावरचं. मी आईला सांगितलंय, मी खालीच पेट्यांपाशी उभा राहणार." ते आवाज खाली आणून बोलत होते, घरात दुसरं कुणी नसताना. "आता विम्यामुळे नियम निघालाय. पायाची तक्रार असलेला माणूस डोंगरावर घेत नाहीत. माणसं भरणारा मॅनेजर हाच आहे, या सिनेमाचाच. त्याला कळलं की पेटीवाले लंगडतात, तर संपलं. ते त्या रेघेतून काढता येईल का?"

दुपारपासून ही दुसरी व्यक्ती धाकटीला तेच सांगत होती. एकाला आपण पळालो असं दाखवायचं होतं आणि दुसऱ्याला आपण पळालोच नाही असं. तिने बाबांना समजावून सांगितलं की कॅमेऱ्यातून काढता येतं, पण ते नाहीसं होत नाही. बाबांना ते काही कळलं नाही. ते म्हणाले, "तू कुणाचं नाव घेऊ नकोस म्हणजे झालं." तिने तसा शब्द दिला. तयार केलेलं माफीचं वाक्य तसंच राहिलं.

शॉट बघायला ऑफिसातल्या छोट्या थिएटरात नऊ-दहा माणसं जमली. सर मधल्या खुर्चीत बसले, निर्मात्या बाई त्यांच्या शेजारी, दशांश मागच्या रांगेत. माणसं भरणारा मॅनेजरही आला होता आणि तो धाकटीच्या पुढेच बसला होता. दिवे गेले. नायक धावत सुटला, टेकडी आली, माथा दिसायला लागला आणि माथ्यावर महाल उभा राहिला. तीन मजली, दगडी, चार बुरुजांचा, सहा महिने बावीस माणसांनी बांधलेला.

महाल लंगडत होता.

एक पाऊल नीट आणि एक पाऊल खचून, तो सगळा डोलारा टेकडीच्या माथ्यावर टप, टप्प करत उभा होता. खचला की डावा बुरुज खाली जायचा आणि उजवा वर. सगळे बघत होते आणि कुणी काही बोलत नव्हतं, कारण सर बोलत नव्हते. सर बोलत नव्हते, कारण ते डोळे मिटून पार्श्वसंगीत ऐकत होते. कुणीतरी मागून "भव्य" असं पुटपुटलं. दशांशने मान डोलावली, तीही नेमकी महालाच्या ठेक्यात. दिवे आल्यावर निर्मात्या बाईंनी सरळ विचारलं, "हा महाल लंगडतोय का?"

तेव्हा कुठे सगळ्यांना ते दिसलं. सरांनी डोळे उघडून दशांशकडे पाहिलं आणि दशांशने धाकटीकडे. धाकटी उभी राहिली. तिला भीती वाटत होती आणि मजाही येत होती, खोटं कशाला सांगा.

"खऱ्या कॅमेऱ्यात लंगडणं आहे," ती म्हणाली. "ते खोट्या कॅमेऱ्यातून काढून टाका असं सांगण्यात आलं, म्हणून काढलं. टेकडी खरी आहे, ती खऱ्या कॅमेऱ्याबरोबर हलते. महाल हलत नाही. पण आपण टेकडीला स्थिर धरतो, म्हणून मग महाल लंगडताना दिसतो. ते कुणाच्या तरी पायात राहणारच. ज्याचं आहे त्याला परत दिलं की महाल नीट उभा राहील."

"पण ते आहे कुणाचं?" बाईंनी विचारलं. "कॅमेरा घेऊन कोण लंगडत होतं?"

समोरच्या मॅनेजरनेही मान वळवली. धाकटीच्या जिभेवर नाव आलं होतं. नुसतं बोलायचा अवकाश होता, तीस वर्षांचं सगळं देणं एका शब्दात फिटलं असतं, आणि सोमवारचं कामही त्याच शब्दात गेलं असतं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. आपण थोर काही केलं असं तिला मुळीच वाटलं नाही. एका भल्या माणसाला आपण अंधारात ढकलतोय असंच वाटलं, मग ते त्यानेच सांगितलेलं का असेना.

तेवढ्यात सर उठले. उठताना त्यांनी खुर्चीचा हात धरला, चेहरा किंचित कसनुसा केला, आणि हळू आवाजात म्हणाले की हे मी कुणालाच सांगणार नव्हतो. त्या दिवशी सकाळीच त्यांचा पाय मुरगळला होता. घोटा सुजून हा एवढा झाला होता. पण उजेड चालला होता, आणि कलावंताने अशा वेळी पाय बघायचा की प्रकाश? आपल्या वेदनेचं प्रदर्शन नको, म्हणून त्यांनी ती रेघ सरळ करायला सांगितली होती. आता मुलीने वेदना शोधूनच काढली आहे, तर राहू द्या.

थिएटरात टाळ्या पडल्या. बाईंनी डोळे टिपले. मॅनेजर तर उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि दहा पावलांनंतर सर ज्या दगडावर बसले होते, तो दगड त्यानेच पुसून दिलेला होता, आणि लगेच सरांसाठी पाणी आणायला तो टेकडी उतरून गेला होता. दशांशने त्याच दिवशी खरी रेघ परत बसवायला सांगितली आणि धाकटीला म्हणाला की आकड्याशी खेळू नये, हे मी पहिल्यापासून सांगतोय. बाहेर पडताना सर लंगडत गेले. उजव्या पायाने.

शनिवारी संध्याकाळी प्रसिद्धीची फिल्म आणि सरांची मुलाखत टीव्हीवर होती. बाबा पाचपासूनच खुर्चीत बसले होते. धाकटीने त्यांना सगळं सांगितलं होतं, आणि ते मनापासून हसले होते. सरांनी लंगडणं स्वतःकडे घेतलं म्हणजे आपल्या जिवाचा घोर गेला, एवढाच हिशेब त्यांनी केला. त्यांच्या हिशेबात शॉट कुठे धरलेलाच नव्हता. धाकटीला याचा इतका राग येत होता की ती त्यांच्या शेजारी न बसता दारापाशी उभी होती.

फिल्म सुरू झाली. रेघांची टेकडी दिसली, वाट दिसली, वाटेवरून कॅमेरा निघाला. प्रसिद्धीवाल्यांनी हौसेने कॅमेऱ्याच्या प्रत्येक हिंदोळ्याला पावलाचा दणदणीत आवाज घातला होता. खोली त्या आवाजाने भरली. टप, टप्प, टप, टप्प.

स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज आला. "आलात का?" आईने आतून विचारलं.

बाबा तर केव्हाचे खुर्चीतच होते. आई हात पुसत बाहेर आली, तिने दाराकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग टीव्हीकडे. कॅमेरा अजून चढ चढत होता. ती पदराला हात पुसायची थांबली आणि शेवटच्या पावलापर्यंत उभ्यानेच ऐकत राहिली.

मग सर आले, काठी टेकत. मुलाखत घेणाऱ्या बाईने त्यांना हात देऊन बसवलं.

"यांचा तर उजवा आहे," आई म्हणाली.

बाबांनी आवाज कमी करायला रिमोट शोधायला सुरुवात केली. तो त्यांच्या मांडीवरच होता.

आई त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. तीस वर्षांत तिने त्यांना असं गंभीरपणे काही विचारलेलं धाकटीला आठवत नव्हतं. "तो डोंगर तुम्ही पळालात ना?"

बाबांनी धाकटीकडे पाहिलं. कपाटाच्या आतल्या बाजूला डॉक्टरांचा कागद होता आणि सोमवार परवावर होता.

"छे, मी कसला पळतोय," ते म्हणाले. "मी खाली पेट्यांपाशी उभा होतो."

धाकटीला त्या क्षणी कळलं की बाबांना खोटं बोलता येत नाही. त्यांचे कान लाल झाले होते आणि नजर फरशीवर होती. जुन्या सिनेमांच्या गोष्टी सांगताना ते असे कधीच दिसले नव्हते, एकदाही नाही.

आईनेही ते पाहिलं. मग म्हणाली, "बरं. मग परवाही खालीच उभे राहा," आणि कपाट उघडून गुडघ्याची पट्टी शोधायला लागली.